काळ्या दगडाची वेस

ग्रॅनाइटवर पाय घसरत नाही, हे माझ्या पायांना पटायला अर्धा दिवस गेला. पाय साताऱ्याकडचे, लहानपणापासून काळ्या कातळावर चाललेले. आमच्याकडे कातळ समोर आला की पाय आधी ओल बघतो, मग शेवाळ, मग निसटता खडा, आणि मगच भार टाकतो. पावसाळा नुकता सरलेला असेल तर त्या दगडावर कुणी साबण चोळून ठेवलाय असं वाटतं. मदन महलच्या टेकडीवर मी तसाच चाललो होतो. गुडघे वाकवून, चोरपावलांनी. आणि माझ्या शेजारून दहा-बारा वर्षांची पोरं रबरी चपला घालून त्या उभ्या धोंड्यांवरून धावत वर जात होती. एक जण थांबला. "अंकल, पैर में दर्द है क्या?"

पायांत काही नव्हतं. दगड ओळखीचा नव्हता.

जबलपूरला मी येतो तो आत्याकडे. १९६८ साली लग्न होऊन ती इकडं आली. काका तोफांचे गाडे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, ज्याला अख्खं शहर 'जीसीएफ' म्हणतं. घर मदन महल स्टेशनापासून चालत जाण्यासारखं. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. तिची मराठी साताऱ्याचीच, पण मधेच तिच्यात जबलपूर उगवतं. नळाला पाणी येत नाही, 'नल येतो'. टेकडीची 'पहाडी' झालेली आहे. आणि मी पहाटे बूट चढवायला लागलो की, "अरे, पैदल कशाला जातोस? ऑटो पकड ना!" या शहराला विनोबांनी 'संस्कारधानी' म्हटलं, हे ती प्रत्येक भेटीत एकदा तरी सांगते; असं सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, विनोबा हिच्याच ओसरीवर बसून म्हणाले.

तिच्या मागच्या अंगणात तुळशीशेजारी एक पाटा-वरवंटा आहे. काळाभोर. मधे वाटून वाटून खोलगट झालेला. हा पाटा माहेरचा. आजोबांनी तो गोणपाटात गुंडाळून लेकीबरोबर गाडीत घातला होता. कल्याणला गाडी बदलताना हमालानं गाठोडं उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि विचारलं, "क्या है इसमें, पत्थर?" आजोबा म्हणाले, "हो, पत्थरच." जबलपूरला पोचल्यावर सासूबाईंनीही तेच विचारलं, जरा वेगळ्या सुरात: इकडं काय दगड मिळत नाही? आत्या त्या वेळी गप्प बसली. उत्तर तिनं मला पन्नास वर्षांनी दिलं. "मिळतो की. इकडची सिल तांबडी असते. चटणीत कचकच लागते."

तेव्हा इकडं कोणता दगड मिळतो आणि कोणता मिळत नाही, हा आमच्या घरातला जुना प्रश्न आहे. मी चाललो होतो तो त्याच्याच मागावर. आपला काळा दगड इथवर येतो का? आणि येत असेल तर कुठं थांबतो?

आपला म्हणताना जरा जपून म्हणावं लागतं. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर निवायचा, त्यावर दुसरा पसरायचा. झिजून झिजून आज जो उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. भूशास्त्रज्ञ त्याला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. त्यातल्या ट्रॅपचा मूळ स्वीडिश अर्थ जिना. सह्याद्रीतल्या कुठल्याही किल्ल्याकडे लांबून पाहिलं की तो जिना दिसतो: कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. आपले गड, लेणी, हेमाडपंती देवळं, घाटाच्या पायऱ्या, उंबरठे, जाती, उखळं, सगळं त्यातलं. मराठी मुलूख म्हणजे काळा दगड, असं माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं होतं की दगडाला दुसरा रंग असतो हेच मला गुन्ह्यासारखं वाटायचं.

मदन महलची टेकडी ही एक टेकडी नाही. गढ्यापासून मेडिकल कॉलेजापर्यंत पसरलेली धोंड्यांची रास आहे. कुणी डोंगर पाडायला घेतला आणि राडारोडा उचलायचा विसरून गेला, असं. मधून सीताफळाची झुडपं, घाणेरी, आणि धोंड्यांच्या फटीत मुळं घुसवून बसलेले वड-पिंपळ. एका धोंड्याला मी नाक लावून पाहिलं. गुलाबीसर दाणे, पांढरे दाणे, गारगोटीचे काचेसारखे तुकडे, आणि अभ्रकाचे बारीक काळे कपटे, जे सकाळच्या तिरप्या उन्हात लुकलुकतात. तळहात फिरवला तर कानशीवर फिरवल्यासारखा. आमचा बसाल्ट असा नसतो. त्याचा दाणा डोळ्याला दिसतच नाही, कारण लाव्हा उघड्यावर आला आणि घाईनं निवला. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश निवला. दाण्यांना वाढायला सवड मिळाली. कढवलेलं तूप चटकन थंड झालं तर गुळगुळीत थिजतं आणि हळूहळू निवलं तर रवाळ होतं, तसं. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग असं सरळ सांग ना, हा रवाळ दगड आहे म्हणून."

रवाळ दगड अब्जाहून जास्त वर्षांचा आहे. त्याच्यापुढं आपला सह्याद्री कालचं पोर.

किल्ल्याच्या वाटेवर ती प्रसिद्ध संतुलित शिला आहे. एका धोंड्यावर दुसरा अवाढव्य धोंडा, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श इतक्या थोड्या जागेत की वाटतं, बोटानं ढकलला तर जाईल. प्रत्येक जण ढकलून बघतोच. मीही बघितला. तो वरचा धोंडा कुणी आणून ठेवलेला नाही. दोन्ही मूळचे एकाच कातळाचे. भेगेतून पाणी शिरलं, कडा आणि कोपरे आधी झिजले, मधला भाग राहिला. मे १९९७ मध्ये पहाटे जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. माणसं गेली, घरं पडली, आणि हा धोंडा होता तिथंच राहिला. आत्याकडची त्या पहाटेची गोष्ट निराळी आहे. मांडणीवरची सगळी भांडी खाली आली, भिंतीला तिरकी चीर गेली, काका लुंगीवर रस्त्यात धावले. "आणि पाटा?" मी विचारलं. "पाट्याला काय धाड भरलीय?"

वरचा महाल गड म्हणून बघायला गेलात तर हिरमुसून परत याल. तट नाही, बुरूज नाही, बालेकिल्ला-माची काही नाही. एका प्रचंड धोंड्याच्या माथ्यावर बसवलेली दुमजली चौकी आहे ती. गोंड राजा मदनशहाच्या नावानं ओळखली जाते. खाली घोड्यांच्या पागा, एक लहानसं टाकं, काही पडक्या खोल्या. या महालाच्या सावलीत कुठंतरी सोन्याच्या दोन विटा पुरल्या आहेत, अशी इथं पिढ्यान्‌पिढ्या वदंता आहे, त्यामुळे जिथं तिथं कुणीतरी कधीतरी खणून ठेवलेलं दिसतं. मला मात्र बांधणाऱ्याची अक्कल आवडली. त्यानं पाया खणलाच नाही. डोंगरानं जो पाया आयता दिला होता त्याच्यावर भिंत चढवली.

गोंडांना दगड कळत होता तसं पाणीही कळत होतं. धोंड्यांच्या मधल्या खोलगटांत पाणी अडवून त्यांनी जागोजाग ताल बांधले. राणीच्या नावाचा राणीताल, तिच्या दासीच्या, म्हणजे चेरीच्या नावाचा चेरीताल, आणि तिचा दिवाण आधार कायस्थ याच्या नावाचा आधारताल. राणी म्हणजे गोंडांची राणी दुर्गावती. आज या तिन्ही नावांचे भाग ऑटोवाल्याला बरोबर ठाऊक असतात. पाणी मात्र सगळीकडे शोधून सापडेलच असं नाही. राणीतालच्या जागेवर क्रीडासंकुल आहे. राणी, दासी आणि दिवाण यांना एकाच मापानं पाणी देणारं दुसरं शहर माझ्या पाहण्यात नाही.

टेकड्यांच्या धारेनं दक्षिणेकडे उतरलो की संग्रामसागर लागतो, त्याच्या काठी बाजनामठाचं भैरवाचं जुनं देऊळ, आणि थोडं पुढं मेडिकल कॉलेजासमोर पिसनहारीची मढिया. हे जैनांचं क्षेत्र आहे. पिसनहारी म्हणजे दळणारीण. गोष्ट अशी सांगतात: लोकांची दळणं दळून पोट भरणाऱ्या एका बाईनं दाणा दाणा पैसा साठवला आणि टेकडीवर देऊळ उभं केलं. कळसाला सोनं नव्हतं, म्हणून तिच्या जात्याची पाळं शिखरावर बसवली. खाली चपला काढून मी पायऱ्या चढलो. ऊन तापलं होतं आणि पायऱ्या त्याहून. वर पोचून मान वर केली तेव्हा माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, आणि तो भक्ताचा नव्हता: जातं कुठल्या दगडाचं असेल?

मराठी माणसाला ही गोष्ट ऐकताना जातं दिसण्याआधी ऐकू येतं. पहाटेची घरघर, आणि तिच्यावर बाईचा आवाज. आपल्याकडच्या दळणाऱ्या बायकांनी जात्याला देव म्हटलं, त्याच्यापाशी सासर-माहेरचं बोलल्या, विठ्ठलालाही दळायला बसवलं. पण त्या जात्याचं देऊळ केलं ते इथं. तेही कुणा राजानं नव्हे. जबलपूरच्या आसपास राजे-राण्यांनी बांधलेलं पुष्कळ पडून आहे. हे दळणारणीचं उभं आहे आणि तिथं रोज पूजा होते.

गढ्याच्या जुन्या वस्तीतून जाताना मी आत्याकडून शिकलेली हिंदी जरा जास्तच नीट बोलत होतो. त्याला कारण आहे. गोंडांचं हे राज्य शेवटी बुडवलं ते आपल्याच माणसांनी. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतलं, पुढं ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे. मराठी इतिहासात या प्रकरणाला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत. ज्यांचं गेलं त्यांच्या इतिहासात मिळतात. पण एक गंमत आहे. १८७२ मध्ये मेडलिकॉट नावाच्या भूशास्त्रज्ञानं नर्मदेच्या आसपासच्या जुन्या थरांना गोंडांच्या मुलखावरून 'गोंडवाना' हे नाव दिलं. पुढं ते त्या सबंध पुराण्या खंडालाच चिकटलं, ज्याचे तुकडे होऊन आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपण झालो. राज्य गेलं, नाव पृथ्वीच्या निम्म्या नकाशावर जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी नर्मदा.

तिलवाराघाटापर्यंत मात्र आत्याचं ऐकून ऑटोनं गेलो. तिथून काठाकाठानं लमेटाघाट आणि पुढं भेडाघाट, असा बेत. शेतांच्या बांधावरून, कधी वाळूतून, कधी वर रस्त्याला येऊन. तासाभरात समोरून दोन म्हातारी माणसं आली. पांढरे कपडे, हातात काठ्या, पाठीवर झोळ्या, बाईच्या कमरेला कापडात गुंडाळलेली पाण्याची कुपी. परिक्रमावासी. "नर्मदे हर!" मीही म्हटलं, "नर्मदे हर!" माझ्या उच्चारावरून की काय, बाई थबकल्या. "मराठी का?" जळगाव जिल्ह्यातले निघाले. आणि मग त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. "दादा, तुम्ही उलटे चाललात."

खरंच होतं. परिक्रमेत नदी कायम उजव्या हाताला ठेवायची असते आणि ओलांडायची नसते. दक्षिण तटानं समुद्राकडे जायचं, तिथं वळसा घालून उत्तर तटानं अमरकंटककडे यायचं. जबलपूर उत्तर तटावर. इथून जाणारा प्रत्येक परिक्रमावासी प्रवाहाच्या उलट, ग्वारीघाट, मंडला करत उगमाकडे निघालेला असतो. माझ्या डाव्या हाताला नदी होती. मी सांगितलं की मी परिक्रमेला नाही. "मग कशाला चाललात?" बाबांनी विचारलं. "दगड बघायला." बाई हसल्या. "मग आमचंच काम करताय. इथला गोटा न् गोटा महादेव आहे."

आम्ही एका बाभळीखाली बसलो. बाईंनी टाचा पुढं घेतल्या. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, आणि त्यांत मेण भरलेलं. हजारो पावलांची ती टाच मी फार वेळ बघू शकलो नाही, पण त्यांना तिचं काही वाटत नव्हतं; त्या एखाद्या अवजाराबद्दल बोलावं तसं तिच्याबद्दल बोलत होत्या. शूलपाणीच्या झाडीत काय लागलं, महेश्वरला काय, पुढं वाळूनं काय केलं. महेश्वरपर्यंत त्यांना घरच्यासारखं वाटलं होतं. "आपल्या गावच्यासारखाच दगड होता हो. पुढं बदलला. भेडाघाटाला तर पांढराच." भूशास्त्राच्या नकाशात जी हद्द मी आदल्या रात्री मोबाइलवर मोठी करून करून शोधली होती, ती त्यांच्या टाचांना आधीच ठाऊक होती.

नर्मदा १३१२ किलोमीटरची. उगवते ती मैकलच्या पठारावर, म्हणजे काळ्या दगडाच्याच थरांवर. मंडला-दिंडोरीपर्यंत त्याच्याच सोबतीनं येते. मग जबलपूरला तिच्या पायाखालचा तो गालिचा कुणीतरी ओढून घेतल्यासारखा संपतो, आणि खालचं जुनंपुराणं उघडं पडतं: ग्रॅनाइट, संगमरवर, चुनखडी. पुढं पश्चिमेला काळा दगड पुन्हा येतो. ही हद्द सरळ रेघेची नाही. फाटक्या पदरासारखी आहे, इथं एक दशी लोंबतेय, तिथं एक तुकडा अडकलाय. जबलपूरच्या काही टेकड्यांच्या माथ्यावर असे तुकडे उरलेत.

जळगावकरांना चणे-फुटाणे दिले. त्यांनी मला गूळ दिला. बरगी धरण १९९० मध्ये पुरं झाल्यापासून पुढची जुनी काठाची वाट पाण्याखाली आहे, तेव्हा मंडल्याला जाताना वरून वळसा पडतो, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं. ती बुडालेली वाट कशी होती हे वाचायचं तर अमृतलाल वेगडांकडे जावं. नंदलाल बोसांचा हा शिष्य जबलपूरलाच राहायचा, चित्रकला शिकवायचा. १९७७ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, त्यानं जबलपूरहून मंडल्याकडे चालायला सुरुवात केली आणि मग तुकड्यातुकड्यानं सगळी नर्मदा चालून काढली. सलग तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचं शास्त्र त्यानं पाळलं नाही. नदीला त्याचा राग आला असेल असं त्याची पुस्तकं वाचून तरी वाटत नाही.

लमेटाघाट भेडाघाटासारखा नाही. नावा नाहीत, नारळवाले नाहीत. काही जुनी देवळं, कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. पण जगातल्या भूशास्त्रज्ञांना हे गाव ठाऊक आहे, कारण लाव्हा येण्याच्या जरा आधी इथं जो गाळ साठला त्या थरांना 'लमेटा' असंच नाव आहे. २०२१ पासून भेडाघाट-लमेटाघाट ही जोडी युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतही आहे. घाटावरून वर जाणाऱ्या नाळीत मी शिरलो. खाली हिरवट, भुसभुशीत वाळूचा खडक. त्यावर पांढुरकी, खडबडीत, गाठीगाठींची चुनखडी. मुठीनं घासली तर पांढरी पूड हाताला लागते. या चुनखडीच्या थरांत डायनोसॉरची अंडी सापडली आहेत. नदीकाठी ओलसर वाळूत खड्डा करून घातलेली. समुद्रकाठी कासवं घालतात तशी.

मला एकही अंडं दिसलं नाही. मी शोधलंही नाही फार. एका ठिकाणी बसून राहिलो.

मग नाळ सोडून वर चढलो. माती बदलली. आधी करडी, मग तपकिरी, आणि मग एकाएकी काळी. भेगाळलेली, कापसाची म्हणतात ती. आणि बांधावर काढून टाकलेले धोंडे. एकाला लाथ मारली तर त्याची कांद्यासारखी साल सुटली, आतून दुसरी, तिच्या आत दुसरी, आणि गाभ्याशी मुठीएवढा गच्च, निळसर काळा गोटा. ओळख पटायला वेळ लागला नाही. साताऱ्याच्या आमच्या मळ्याच्या बांधावर हेच धोंडे आहेत. मी लहानपणी त्यांच्या साली काढत बसायचो.

आलाय तर इथवर. पण खालच्या पांढऱ्या थरावर हा आला कसा, याचा विचार केला तेव्हा मात्र घरचा माणूस भेटल्याचा आनंद जरा निवला. नदीकाठी अंडी होती. जनावरं होती. आणि मग कधीतरी नैर्ऋत्येचं आकाश लाल झालं. ज्या दगडाला मी जन्मभर 'आपला' म्हणत आलो तो इथला सगळ्यात शेवटी आलेला, आणि आला तो दुसऱ्याचं घरटं झाकत आला. त्या जनावरांच्या जगबुडीत लाव्हाचा वाटा किती आणि मेक्सिकोत आदळलेल्या अशनीचा किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मी तिथं बांधावर बसून ते मिटवण्याच्या भानगडीत पडलो नाही.

लमेट्याचे हेच थर शहराच्या दुसऱ्या टोकाला, छावणीच्या बाजूला बडा सिमला नावाच्या टेकडीत आहेत. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमनला तिथं हाडं मिळाली. स्लीमन म्हणजे तोच, ठगांचा बंदोबस्त केलेला. 'डायनोसॉर' हा शब्द जन्माला यायला तेव्हा अजून चौदा वर्षं होती. ती हाडं हातोहात कलकत्त्याला गेली, आणि १८७७ मध्ये लायडेकर नावाच्या शास्त्रज्ञानं शेपटीच्या मणक्यांवरून त्या जनावराचं नाव ठेवलं, टायटनोसॉरस इंडिकस. मग मणके हरवले. कलकत्त्याच्या संग्रहात त्यांतला एक २०१२ मध्ये पुन्हा हाती लागला. एवढं मोठं जनावर कोट्यवधी वर्षं दगडात नीट राहिलं आणि माणसांच्या कपाटात शंभर वर्षांत गहाळ झालं.

हे मी रात्री जेवताना सांगितलं तेव्हा आत्या आमटी वाढता वाढता थांबली. "बडा सिमला म्हणजे आपली पाटबाबाची पहाडी ना? काका रोज ड्यूटीवरून येताना तिथं हात जोडून यायचे." पस्तीस वर्षं त्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी तोफांचे गाडे जोडले. वर काळ्या दगडाची टोपी, तिच्याखाली हाडं, खाली कारखाना. त्यांना कुणी कधी सांगितलं नाही.

भेडाघाटाबद्दल लिहीत नाही. धुआँधार धबधबा आणि संगमरवरी कडे यांच्याबद्दल जेवढं लिहायचं तेवढं लोकांनी लिहून झालंय, आणि चांदण्यातल्या नावेचा दर तुम्हाला नाववालाच सांगेल. 'संगमरवरी' म्हणून विकतात त्या मूर्ती बहुतेक मऊ शंखजिऱ्याच्या असतात, एवढं ध्यानात ठेवा. दमलेल्या पायांनी चौसष्ट योगिनींच्या शंभरावर पायऱ्या मात्र चढा. दहाव्या शतकातलं कलचुरी राजांचं गोल देऊळ आहे, वर छप्पर फक्त ओवऱ्यांना, मधे आकाश. फोडलेल्या योगिन्या रांगेनं बसल्यात. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, पण बैठकांवर नावं कोरलेली आहेत, त्यामुळे तोंड नसलेल्या बाईचीही ओळख पटते. या कलचुरींचे लेख वाचून, जुळवून, १९५५ मध्ये जगापुढं ठेवले ते नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी. तिथून जवळच तेवर, म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. तिथलं १९५२ मधलं उत्खनन मोरेश्वर दीक्षितांचं. मराठी माणसं इकडं फक्त खंडणी वसूल करायलाच आली असं नाही, हे वाचून गढ्यात खाली गेलेली माझी मान थोडी वर आली.

निघायच्या दिवशी आत्यानं पाटा मला देऊ केला. मुलगा बंगळुरात, सातव्या मजल्यावर. तो नेणार नाही. पाट्याला टाकी लावणारा जबलपुरात आता फिरकत नाही, मिक्सर आहेच. "तू घेऊन जा. परत आपल्याकडे जाऊ दे त्याला." मी उचलून बघितला. खालून तो अजून खडबडीत होता, पाथरवटाच्या छिन्नीच्या खुणा दिसत होत्या. वरून गुळगुळीत, आत्याच्या हाताच्या मापाचा. मी म्हटलं, आत्या, हा इथलाच आहे. लमेट्याच्या वरच्या शेतात याचे भाऊ पडलेत. तिचा विश्वास बसला नाही, पण पाटा तुळशीशेजारी राहिला.

जाणार असाल तर दिवाळीनंतर जा, होळीच्या आत परत या. नंतर तो रवाळ दगड तव्यासारखा तापतो. सगळ्या गाड्या मदन महलला थांबत नाहीत, तिकीट काढताना बघून घ्या. आणि लमेट्याला गेलात तर हात लावा, साल काढून बघा, पण खिशात काही घालू नका. आधीच पुष्कळ जणांनी घातलंय. दगड उचलायचाच असेल तर मंडल्याच्या वाटेवर, बरेल्याजवळ, नर्रई नाल्यापाशी उचला. २४ जून १५६४ रोजी राणी दुर्गावती तिथं लढाईत पडली. तिच्या समाधीवर वाटसरू आसपासची सगळ्यात चांगली दिसणारी गारगोटी ठेवून पुढं जातात, असं स्लीमननं लिहून ठेवलंय. पांढरी बघून एक ठेवा.